मुंग्यांचा मॉनिटर कोण? (निसर्गातली शिस्त, निसर्गातला गोंधळ आणि माणसाला लागणारं शासन)



पाचवीच्या परिसर अभ्यासात नियमांवरचा पाठ आपण सगळेच घेतो. नियम नसतील तर काय होईल, असं आपण विचारतो आणि मुलं एका सुरात सांगतात, "गोंधळ होईल." आपण फळ्यावर तेच लिहितो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. मीसुद्धा सात-आठ वर्षं असंच केलं. मागच्या वर्षी मात्र हा पाठ चालू असताना खिडकीखालच्या भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली होती. ती बघत बसलेल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग मुंग्यांचा मॉनिटर कोण असतो?"

मी लगेच सांगून टाकलं, "राणी मुंगी." मुलगी गप्प बसली. माझं उत्तर चुकीचं होतं हे मला घरी गेल्यावर, थोडं वाचल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी वर्गात तसं कबूल केलं आणि तिथून जे सुरू झालं ते जवळजवळ वर्ष संपेपर्यंत चाललं. त्याचीच ही हकीकत. पाठ म्हणून घ्या किंवा अनुभव म्हणून वाचा.

राणी मुंगी कुणालाही हुकूम देत नाही. ती अंडी घालते. वारुळात पर्यवेक्षक नाही, मुकादम नाही, हजेरीबुक नाही. अन्न सापडलेली मुंगी परत जाताना जमिनीवर एका रसायनाचा माग ठेवत जाते. त्या वासावरून दुसऱ्या मुंग्या निघतात आणि त्याही वास ठेवतात. जवळच्या वाटेने गेलेली मुंगी लवकर परत येते, म्हणून त्या वाटेवरचा वास दाट होत जातो. लांबच्या वाटेवरचा वास तेवढ्यात उडून जातो. थोड्या वेळाने सगळी रांग जवळच्या वाटेवर येते. ही वाट कुणी 'ठरवलेली' नसते.

हे वर्गात करून बघा. भिंतीपासून हातभर अंतरावर चिमूटभर साखर ठेवा. रांग लागली की ओल्या फडक्याने मधली वीतभर जागा पुसून टाका. मुंग्या पुसलेल्या जागेच्या दोन्ही काठांवर अडखळतात, इकडेतिकडे फिरतात, मग एखादी पलीकडे पोचते आणि रांग पुन्हा जुळते. माझ्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीतही तिथून हलली नाहीत.

इथेच थांबलो असतो तर मुलांनी निष्कर्ष काढला असता की निसर्गात सगळं छान शिस्तीत चालतं आणि भांडतो तो फक्त माणूस. पुष्कळ सुविचारांमध्ये आपण हेच लिहितो. म्हणून मी त्यांना लष्करी मुंग्यांची गोष्ट सांगितली. या जातीच्या मुंग्या जवळजवळ आंधळ्या असतात आणि पुढच्या मुंगीचा वास धरूनच चालतात. कधी कधी एखादी तुकडी मुख्य वाटेपासून तुटते आणि पुढची मुंगी फिरून आपल्याच तुकडीच्या मागच्या टोकाला येऊन मिळते. झालं, वर्तुळ तयार. मग त्या गोल गोल फिरतच राहतात. विल्यम बीब या अमेरिकन निसर्ग अभ्यासकाने दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानात असं एक वर्तुळ पाहिलं आणि १९२१ साली त्याबद्दल लिहिलं. त्याचा घेर सुमारे १२०० फूट होता आणि एका मुंगीला एक फेरी पूर्ण करायला अडीच तास लागत होते. बहुतेक मुंग्या चालून चालून मेल्या. शेवटी काही मुंग्या रांगेतून भरकटल्या, तेव्हा कुठे ते वर्तुळ मोडलं.

एक मुलगा म्हणाला, "कोणीतरी त्यांना थांबा म्हणायला पाहिजे होतं." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

आमच्याकडे हिवाळ्यात भोरड्यांचे थवे येतात. पूर्व युरोप आणि मध्य आशियाकडून आलेले हे पाहुणे ज्वारीवर उतरले की शेतकरी डबे वाजवत धावतो, पण संध्याकाळी त्यांचा थवा आकाशात वळतो तेव्हा तोही दोन मिनिटं मान वर करून उभा राहतो. हजारो पक्षी असतात आणि टक्कर होत नाही. यांच्याच जवळच्या नात्यातल्या युरोपीय पक्ष्यांच्या थव्यांचा अभ्यास इटलीतल्या शास्त्रज्ञांनी रोम शहरात केला. त्यात असं दिसलं की प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या फक्त सहा-सात पक्ष्यांकडे लक्ष ठेवतो. ते वळले की तो वळतो. पुढारी नाही. त्या गटातले जॉर्जिओ पारिसी यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. 'गुंतागुंतीच्या व्यवस्था' हा त्यांचा विषय, आणि पक्ष्यांचे थवे हे त्यातलंच एक काम.

मग निसर्गात गोंधळ आहे की नाही? आहे. त्यासाठी मला पावसाइतकं चांगलं उदाहरण सापडलं नाही. मान्सून दरवर्षी येतो, साधारण १ जूनला केरळात आणि त्यानंतर दहा दिवसांनी मुंबईत. हा क्रम शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि २०-२५ किलोमीटरवरच्या कुलाब्याला त्याच दिवशी जेमतेम ७४. नियम तेच, हवा तीच, शहरही एकच.

१९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ हे अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचं गणित चालवत होते. एक गणित मध्यापासून पुन्हा चालवायचं म्हणून त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढंच टाइप केलं. काही वेळाने आधीच्या आणि नंतरच्या हवामानात काहीच साम्य उरलं नाही. गणिताचे नियम पक्के होते. सुरुवातीचा केसाएवढा फरक वाढत वाढत एवढा झाला होता. मुलांना दशांश समजावत बसू नका, त्याऐवजी असं करा. एक खडा एकाच उंचीवरून दहा वेळा सोडा, मग कागदाची चिटोरी त्याच उंचीवरून दहा वेळा सोडा. दोन्ही ठिकाणी खडूने खुणा करा. खड्याच्या खुणा एका ठिकाणी जमतात, कागदाच्या खोलीभर पसरतात. दोघांनाही नियम तेच लागू आहेत, हे मुलांना पटायला वेळ लागतो. पटलं की मात्र 'शिस्त की गोंधळ' या प्रश्नातली 'की' त्यांना खटकायला लागते.

आता माणसाकडे येऊ. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांनी या प्रश्नाला एक नाव दिलं आहे, मत्स्यन्याय. म्हणजे मोठा मासा लहान माशाला गिळतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात असं येतं की मत्स्यन्यायाने गांजलेल्या लोकांनी मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा हिस्सा त्याला देण्याचं ठरवलं. म्हणजे संरक्षणाच्या बदल्यात कर. महाभारताच्या शांतिपर्वात जरा वेगळं चित्र आहे. पूर्वी राजा नव्हताच, लोक धर्माने एकमेकांचं रक्षण करत होते, पुढे मोह आणि लोभ शिरला आणि राजा लागला. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात, १६५१ मध्ये, थॉमस हॉब्ज यांनीही साधारण हेच मांडलं की सत्ता नसेल तर प्रत्येकाचं प्रत्येकाशी युद्ध सुरू होतं. पाचवीच्या मुलांना हॉब्ज सांगू नका, पण मासा जरूर सांगा.

मासा सांगितल्यावर मुलांनी विचारलं, "मग आपण मॉनिटर काढून बघायचा का?"

खरं सांगते, मला हे नको होतं. आमची शाळा छोटी, पहिली ते पाचवी आणि शिक्षक दोन. माझ्याकडे वर्ग जोडून असतात. मी ऑफिसच्या कामात असताना मॉनिटरच्या हातातली पट्टी हीच माझी व्यवस्था होती. तरीही फेब्रुवारीत एक आठवडा आम्ही मॉनिटर बंद केला. खरी परीक्षा वर्गात नव्हती, नळावर होती. उन्हाळा लागला की टाकी रोज भरत नाही, आणि दोन नळांपैकी एक कित्येक महिने तुटलेला. पोषण आहार झाला की सगळी शाळा ताटल्या धुवायला आणि पाणी प्यायला त्या एका नळावर.

पहिल्या दिवशी ढकलाढकली झाली, पाणी सांडलं, एकाचा शर्ट फाटला. दुसऱ्या दिवशी थोडी कमी. तिसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात उभी राहून पाहिलं तर सरळ रांग! ओरडा नाही, भांडण नाही. मला इतका आनंद झाला की मी फोटो काढून आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. मुंग्यांसारखी मुलंही आपोआप शिकली, असं काहीतरी त्याखाली लिहिलं होतं.

पुढच्या सोमवारी दुसरीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. तक्रार करायला नव्हे, विचारायला. "मॅडम, चार दिवस झाले, ही ताटली न धुताच घरी आणते. आणि आली की आधी घागरीकडेच पळते. शाळेत पाणी नाही का?"

मी मोबाइल काढून तो फोटो पुन्हा पाहिला. रांगेत सगळ्यात पुढे पाचवीची मोठी मुलं होती, मग पाचवीच्या मुली, मग चौथी, तिसरी. अगदी शेवटी दुसरी आणि पहिली. रांग उंचीप्रमाणे लागली होती. त्यांचा नंबर येईपर्यंत घंटा होत होती. कधी टाकीतलं पाणीच संपत होतं. लहानांनी पहिल्या दोन दिवसांत धक्के खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी आपली जागा कुठे आहे ते ओळखलं. म्हणून भांडण थांबलं होतं. फोटोत हे सगळं दिसत होतं. मी पाहिलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवसापासून मत्स्यन्यायाचा अर्थ माझ्यासाठी बदलला. मी मुलांना तो 'गोंधळ' म्हणून शिकवला होता. पण तळ्यात गोंधळ कुठे असतो? मोठा मासा लहानाला खातो, हे तिथे न चुकता घडतं. ती पक्की व्यवस्था आहे, फक्त लहान माशाची बाजू त्यात कुठेच नाही. वर्ग शांत आहे म्हणजे वर्गात सगळं ठीक आहे, असं आपण किती सहज धरून चालतो! पर्यवेक्षक आले की आपल्यालाही शांत वर्गच दाखवायचा असतो.

मॉनिटर परत आणा, असं दोघा-तिघांनी सुचवलं. पण जुना मॉनिटरही आधी आपल्या मित्रांनाच सोडायचा, हे त्याच मुलांनी लगेच सांगितलं. तेव्हा मी गावातल्या एका आजोबांना शाळेत बोलावलं. त्यांनी तरुणपणी पाटकरी म्हणून काम केलं होतं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्या धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवर आणि नाशिक जिल्ह्यातल्या मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत तीनशेहून जास्त वर्षं चालत आली. नदीवर ओळीने दगडी बंधारे, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला सगळ्यांचं पीक एकच, म्हणजे पाण्याची गरज सगळ्यांची सारखी. शेतकऱ्यांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असते. यंदा कोणत्या फडाला पाणी द्यायचं ते लाभधारक एकत्र बसून ठरवत. पाणी कमी असेल तर फड कमी करायचे, म्हणजे झळ एकट्यादुकट्याला न लागता सगळ्यांना लागते. शेताला पाणी देणार पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः बारं फोडायचं नाही. पिकाची राखण करायला जागल्या, देखरेखीला हवालदार. त्यांचा मेहनताना शेतकरीच देत, पूर्वी धान्याच्या रूपात. पाटाची साफसफाई आणि दुरुस्तीही सगळ्यांनी मिळून करायची.

आजोबांना एकाने विचारलं, "तुम्ही तुमच्या शेताला जास्त पाणी द्यायचे का?" आजोबा हसले आणि म्हणाले, "दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी पाटकरी राहिलो नसतो. मला ठेवणारे तेच, काढणारेही तेच."

याचं फार कौतुक करून मला सोडून द्यायचं नाही. फडात वाटा जमीन असलेल्याचा होता, भूमिहीनाचा नव्हता. आणि पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी-मोटारी आल्या, तेव्हा बंधाऱ्यात येणारं पाणीच बदललं. त्यावर गावाच्या बैठकीचा काही इलाज नव्हता. पण राजा नाही म्हणजे लूटमारच, हे काही खरं नाही, एवढं तरी फडाने दाखवलं आहे. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी लिहिलं होतं की सामायिक कुरण असेल तर प्रत्येक जण आपली गुरं वाढवत जातो आणि कुरण संपतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणं, जंगलं, पाट प्रत्यक्ष तपासले आणि दाखवलं की जिथे वापरणारे लोक स्वतः नियम करतात, स्वतः लक्ष ठेवतात आणि मोडणाऱ्याला आधी सौम्य, मग वाढती शिक्षा देतात, तिथे अशा गोष्टी शेकडो वर्षं टिकतात. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

आमच्या मुलांनी नळाचा पाटकरी नेमला. दर आठवड्याला चिठ्ठी टाकून. नियम त्यांनीच केले. पहिली-दुसरी आधी, एकाला एक तांब्या, आणि पाटकऱ्याने सगळ्यांत शेवटी प्यायचं. हा शेवटचा नियम तिसरीतल्या मुलाने सुचवला. मोठी मुलं कुरकुरली, पण हात वर करायच्या वेळी लहानांचे हात जास्त निघाले.

दोन आठवडे छान गेले. तिसऱ्या आठवड्यातल्या पाटकऱ्याने आपल्या भावाला मधेच घुसवलं. पहिलीतल्या पोराने ते पाहिलं, पण सांगणार कुणाला? पाटकऱ्याची तक्रार पाटकऱ्याकडेच? इथे वर्गात जी चर्चा झाली तशी पाठ्यपुस्तकावरून माझ्याकडून कधीच झाली नव्हती. एकाने म्हटलं पाटकरी दोन ठेवा. दुसरा म्हणाला, मग ते दोघे मिळून घुसतील. शेवटी ठरलं की तक्रार कुणीही माझ्याकडे करू शकतो, आणि खरी निघाली तर पाटकरी त्याच दिवशी बदलायचा. "आणि मॅडमची तक्रार?" असं एकीने विचारलं. "मोठ्या सरांकडे," असं मी सांगितलं. मला ते थोडं झोंबलं, हे लपवत नाही.

मोठ्या माणसांच्या जगातही असंच घडल्याचं मी मुलांना सांगितलं. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचं पाणी कालव्याच्या शेवटी असलेल्या ओझर भागात धड पोचत नव्हतं. टेलच्या त्या शेतकऱ्यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास पाणीवापर संस्था काढल्या, पाणी मोजून घेतलं आणि आपसात वाटलं. सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्यांनी सुरुवात केली. पण शासनाशी करार, मोजमाप, कायदा हेही त्यांना लागलंच. २००५ मध्ये तर शेतकऱ्यांनी सिंचन सांभाळण्याचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात झाला.

पालकांनो, घरात हे करून बघायला नळ लागत नाही. टीव्हीचा रिमोट, गरम पाण्याची बादली, जेवणानंतरची ताटं, काहीही चालेल. आठवडाभर काही बोलू नका, फक्त लिहून ठेवा की रोज शेवटी कोण राहतं. बहुतेक घरांत ते नाव आईचं निघतं, आणि त्या घरात भांडण नसतं.

आमच्या वर्गातला शेवटचा मुद्दा दुसरीतल्या त्याच मुलीने काढला. ती म्हणाली, रांग कशीही लावली तरी नळ एकच आहे. बरोबरच होतं. मुलांनी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं, शुद्धलेखन मी तपासलं, सगळ्यांनी सह्या केल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी नाव लिहिलं. मार्चमध्ये दिलेल्या पत्राला उत्तर आलं नाही. एप्रिलमध्ये पाचवीच्या दोघांनी ग्रामसेवकांना रस्त्यात गाठून विचारलं. मे महिन्याच्या सुट्टीत कुणीतरी येऊन नवा नळ बसवून गेलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुलांनी आधी तो सोडून बघितला.

आता दोन नळ आहेत. नव्या नळाचं पाणी जास्त गार आहे असं सगळ्यांचं म्हणणं आहे, म्हणून तिथे रांग मोठी असते आणि जुन्यावर कुणी जात नाही. टाकी एकच आहे हे मी तीनदा सांगून पाहिलं. यंदाच्या पाटकऱ्याने हा विषय शनिवारच्या बैठकीत घेतला आहे.